आक्काचं वाकडं अंगण

आक्काचा हात आधी चालायचा आणि तोंड मागाहून. इतर माणसं भांडताना आधी शिव्या देतात, मग बाह्या सरसावतात, आणि तेवढ्यात कुणी मधे पडलं तर दोघंही मनातून खूश होतात. आक्काकडं हा क्रमच उलटा होता. आधी कानाखाली बसायची, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे आणि ते विझेपर्यंत आक्का कमरेवर हात ठेवून विचारायची, "मारून झालं. आता सांग, काय म्हनतूस?" चौसाळ्याच्या आसपासच्या निम्म्या गावांना तिचं हे वाक्य ठाऊक होतं, उरलेल्या निम्म्यांना तिचा हात.

माझी तिची ओळख अशीच झाली. मी तेव्हा बीडात संगणक आणि कॅमेऱ्यांचं लहानसं दुकान टाकलं होतं. मोबाईल नुकता खेड्यांत शिरला होता आणि एसटीडीच्या पिवळ्या पाट्या अजून उतरल्या नव्हत्या. ज्याच्या रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला होता, त्याच्याकडं एक नवी गाडी आणि एक नवी भीती आली होती, आणि त्या भीतीवर माझं पोट चालायचं. आक्काच्या धाकट्या मुलानं, रमेशनं, मला बोलावलं होतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांच्या घरावर दगडफेक झाली होती आणि दगड कुणी मारले हे आक्काला कळलं नव्हतं. दगड लागल्याचं तिला दुःख नव्हतं, परतफेड कुणाला करायची ते कळेना याचं होतं.

मी गेलो तेव्हा हाक मारली, कुणी ओ दिली नाही. म्हटलं, तोवर कॅमेऱ्याची जागा बघून घेऊ. शिडी लावून दारावरच्या स्लॅबपर्यंत चढलो आणि खालून कुणीतरी माझा पाय असा ओढला, की मी थेट कडब्याच्या पेंढ्यांवर. उठतोय तोवर कानाखाली जाळ निघाला. समोर नऊवारीचा काष्टा खोचलेली, माझ्याहून वीतभर उंच बाई. "मारून झालं. आता सांग, कोन हायस तू?"

मी कॅमेऱ्यावाला आहे हे सांगितल्यावर ती जराही ओशाळली नाही. हाताला धरून चुलीपुढं बसवलं आणि बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि तांब्याभर ताक पुढ्यात ठेवलं. हा तिचा दुसरा नेम. ज्याला मारलं त्याला उपाशी पाठवायचं नाही. उलट, न मारता ती कुणाला जेवायला वाढतेय असं फारसं दिसायचं नाही. त्यामुळं कुणी "आक्काकडं जेवून आलो" म्हटलं, की ऐकणारा आधी त्याच्या गालाकडं बघायचा. एसटीचा एक कंडक्टर एका म्हातारीला तिच्या गावापाशी उतरू देत नव्हता म्हणून तिनं त्याला बसमधून खेचून बडवला होता, आणि मग अख्खी गाडी थांबवून त्याला दशम्या खाऊ घातल्या होत्या. पुढं तो कंडक्टर दिवाळीला तिच्या पाया पडायला यायचा.

हा हात तिला हौसेनं आलेला नव्हता. नवरा गेला तेव्हा पोरं लहान होती, आणि दिरानं तेराव्याची वाटसुद्धा न बघता तिच्या वावरात नांगर घातला. ती एकटी बांधावर गेली आणि खुरपं असं चालवलं, की दिराचा दंड मरेपर्यंत वर झाला नाही. त्यानंतर दर पेरणीला तो बांध पेटायचा. दीर गेल्यावर त्याच्या मुलानं, बंकटनं, ते भांडण वारशानं चालवलं. डोकी फुटायची, पोलीस पाटील यायचा, पावसाळा सरायचा. आक्का म्हणायची, "ह्या हातानं मपली वीतभर जमीन राखली बाबा. गुळमुळीत बोलले असते, तर लेकरं आज दुसऱ्याच्या उसात कोयता घिऊन उभी असती." हे ती मला वाढता वाढता सांगत होती आणि माझा गाल ठणकत होता, तरी मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

आता कॅमेऱ्याचं. एकाच कॅमेऱ्यात फाटक, गोठा, हौद आणि रस्ता, सगळं दिसलं पाहिजे असं रमेशचं म्हणणं. म्हणून मी माशाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग असलेला कॅमेरा बसवला. या भिंगाला अख्खं अंगण एका नजरेत दिसतं, पण त्याची किंमत ते कडेला वसूल करतं. मधली माणसं मोठी दिसतात, कडेची चेपून एकमेकांवर कलतात आणि सरळ रेघा केळ्यासारख्या वाकतात. टीव्हीवर चित्र आलं आणि आक्का उभीच राहिली. "मपलं फाटक वाकडं कावून दिसायलंय?"

म्हटलं, "आक्का, भिंगच तसं असतं."

"नाचता येईना अंगण वाकडं! सरळ कर. वाकड्या घरात मी न्हाई ऱ्हायची."

सरळ करता येत होतं. संगणकावर त्यासाठी प्रोग्राम असायचा. चित्रातली कुठली रेघ मुळात सरळ आहे हे त्याला दाखवून द्यायचं, म्हणजे तो हिशेबानं बाकीचं चित्र ताणून जागेवर आणायचा. अडचण एवढीच, की आक्काच्या अंगणात एकही रेघ मुळात सरळ नव्हती. भिंत दगडमातीची, गोठ्याच्या मेढी बाभळीच्या. शेवटी गवंड्याकडून दोरी आणि ओळंबा मागून आणला. अंगणाच्या प्रत्येक कोपऱ्यात बांबू रोवून ओळंबा सोडायचा, तो स्थिर झाला की मी आत जाऊन चित्र घ्यायचं. वाऱ्यानं ओळंबा हलायचा. मग आक्काच भर उन्हात ओळंब्याखाली बसली, दोन्ही हातांनी वारा अडवून. गाव बघायला लोटलं. बंकटसुद्धा बांधापल्याडच्या भिंतीवर बसून दात काढत होता. "काकू, लगीन हाय का कुनाचं?" आक्कानं हातातला चुनखडीचा खडा नेमका त्याच्या गुडघ्यावर मारला.

थोरला मुलगा दत्ता मात्र या सगळ्यापासून लांब होता. त्याचं दातवण चालू होतं. एका हातात तांब्या, तोंडात कडुलिंबाची काडी, आणि गोठ्याच्या कोपऱ्याला टेकून उभं राहणं. सकाळचा तासभर त्याचा असाच जायचा. आक्का करवादायची, "दात हायत का मशीनचे गेअर? किती घासतूस बे!" तो हसून काडी या गालातून त्या गालात न्यायचा.

चित्र सरळ झालं. फाटक उभं राहिलं, हौद चौकोनी झाला. पण अशा सरळ केलेल्या चित्राच्या कडा फाटक्या निघतात, चारी कोपऱ्यांत काळोख येतो. म्हणून आम्ही कडा छाटून मधला नीटस चौकोन तेवढा ठेवायचो. मी तो दाखवला. आक्कानं बोट ठेवलं. "हितं मपल्या गोठ्याचा कोपरा होता. कुठं गेला?"

"थोडी कडा कापावी लागते आक्का."

"कापायची न्हाई. जन्मभर वीतभर जागा सोडली न्हाई, आता टीव्हीत सोडू व्हय?"

मी कडा ठेवली. चित्र कसंतरीच दिसत होतं, फाटक्या चादरीसारखं, पण तिची जागा त्यात सगळी होती. निघताना रमेशला समजावलं, की सरळ चित्र फक्त तुझ्या खोलीतल्या संगणकावर दिसेल. बैठकीतल्या टीव्हीला जोडलेल्या पेटीत जे साठतं, ते वाकडंच असतं. रमेशला ते कळलं. आक्काच्या लेखी मात्र एकदा सरळ केलं म्हणजे ते कायमचं सरळ झालं होतं.

त्यानंतर त्या घरात वाटणीची भाषा सुरू झाली. रमेशला रस्त्याकडेच्या तुकड्यावर ढाबा टाकायचा होता. दत्ता ऐकत नव्हता. मी दुरुस्तीला गेलो की दोघांतली ताटं आपटलेली ऐकू यायची. आक्कानं दोघांनाही मारून बघितलं, जेवू घालून बघितलं. दोघं जेवले आणि पुन्हा भांडले.

मग एका सकाळी फोन आला. "लगीच ये. रमेशला तोडला." पलीकडून एवढंच.

मोटारसायकल काढून मी चौसाळ्याला पोचलो तेव्हा फाटकापुढं गर्दी होती आणि फाटकाच्या चिऱ्यांवर रक्तात दूध मिसळून वाळलं होतं. रमेश दुधाची बरणी घेऊन निघताना दोघा माणसांनी त्याला फाटकातच गाठलं होतं. कोयत्याचे वार डोक्यावर येत होते, त्यानं हातावर घेतले. त्याची शुद्ध हरपली होती, तसाच जीपमध्ये घालून बीडला नेलं होतं, बहुतेक मला वाटेत ओलांडूनच. मारेकरी पळाले होते. आणि अंगणात, गोठ्याच्या मेढीला बैलाच्या दाव्यानं बंकट बांधलेला होता.

बंकट आहे हे मला कपड्यांवरून कळलं. तोंड कळण्यासारखं उरलं नव्हतं. पहिला हात आक्काचा होता, त्यात त्याचे समोरचे दात गेले होते. पुढचं काम दत्तानं आणि भावकीतल्या पोरांनी हाती घेतलं होतं. काठ्या, पट्टे, कुणाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा. टीव्हीवर सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. फाटक चित्रात अगदी डाव्या कडेला येत होतं, आणि तिथं चार माणसं मूठभर जागेत एकमेकांवर वाकली होती. त्यात बंकटचा उगारलेला हात आणि त्या हाताला लागूनच कोयता. दर पेरणीला ज्याची डोकेफोड व्हायची, त्याच्याबद्दल आणखी पुरावा कशाला लागतो?

बंकटनंच तोंडातलं रक्त थुंकत म्हटलं होतं, "काकू, त्ये चित्र वाकडं हाय. तूच म्हनलीस ना तवा? सरळ करून बग. मग जीव घे मपला."

आणि आक्का थांबली होती. मला फोन तिनंच करायला लावला होता. मी आत शिरलो तेव्हा ती बंकटच्या पुढं काठी आडवी धरून उभी होती आणि दत्ता तिच्या अंगावर ओरडत होता, "पोलीस यायच्या आत उरकू दे माय! तुपल्या लेकराला तोडलाय ह्यानं!" तो पुढं झाला तशी तिनं काठी त्याच्या मनगटावर घातली. हाड वाजल्याचं मी ऐकलं. "चित्र सरळ झाल्याबिगर जो हात लावील, त्यो मपला न्हाई," ती म्हणाली.

मी पेटीतलं चित्र संगणकावर उतरवलं आणि ओळंब्याच्या वेळचे आकडे त्याला लावले. ताणून सरळ व्हायला वेळ लागतो. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि बाहेर काठ्या जमिनीवर आपटत होत्या. चित्र बंकटच्या विरुद्ध निघालं तर माझ्यासमोर एक माणूस मरणार होता. दत्ता मनगट धरून माझ्या पाठीशी उभा होता. वाकून म्हणाला, "एवढं अख्खं कशाला? कडा कापून टाक. फाटकापुरतं दाव, बास."

आक्का उंबऱ्यातून बोलली, "अख्खं दाव."

चित्र उघडलं. जे मूठभर होतं ते पसरलं. माणसं एकमेकांवरून उठून आपापल्या जागी उभी राहिली. कोयता तोंडाला फडकं बांधलेल्या माणसाच्या हातात होता. बंकट त्याच्यापासून फाटकाच्या फळीएवढा लांब, दोन्ही हात वर करून धावत येत होता, आणि पुढं त्यानं मागून त्या माणसाची मान धरलेली दिसत होती. रमेशचं डोकं वाचलं ते त्यामुळं. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी "आरं द्येवा" म्हणालं.

पण आक्काची नजर तिथं नव्हती. ती आणखी डावीकडं, जी कडा मी कापणार होतो तिथं बघत होती. वाकड्या चित्रात तिथं एक पांढरी रेघ होती, मेढीसारखी. आता ती रुंद झाली होती. गोठ्याच्या कोपऱ्याला टेकून एक माणूस उभा होता. एका हातात तांब्या, दुसरा हात तोंडाशी. मी चित्र मागं नेलं. तो माणूस फाटकाशी आला, आतला अडसर काढला, बाहेर कुणाला तरी मान हलवली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मग ते दोघं आत आले. भाऊ तोडला जात होता आणि त्याची काडी या गालातून त्या गालात गेली. दत्तानं सगळ्यांना सांगितलं होतं, की मी तर वावरात होतो.

बाहेरच्यांना काही कळलं नव्हतं, काठ्यांचे आवाज चालूच होते. आक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि तो हात जड होत चालला होता. ती माझ्या कानाशी, मला ऐकू येईल एवढंच बोलली, "ह्ये परत वाकडं करता येतं का रे?"

"येतं," मी म्हणालो. खरंच येत होतं. एक कळ दाबायची होती. ती कडा गेली असती, पेटीतलं वाकडं चित्र राहिलं असतं आणि बंकट बाहेर बांधलेलाच होता. तिचा श्वास मला मानेवर लागत होता. मी कळीवर बोट ठेवून बसलो होतो. ती बाई काय म्हणेल याची मला आयुष्यात कधी वाटली नाही एवढी भीती वाटली.

"नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे सरळ."

मग ती वळली. सगळे, मीसुद्धा, तिच्या हाताकडं बघत होतो. दत्तानं गाल पुढं केल्यासारखी मान खाली घातली होती. हात उठला नाही. जिनं कंडक्टरला मारलं, सरपंचाला मारलं, मला मारलं, ती पोटच्या पोरापुढं हात लोंबकळत ठेवून उभी राहिली. "आत बस," एवढंच म्हणाली, आणि बाहेरून कडी घातली.

अंगणात जाऊन तिनं स्वतः बंकटचं दावं सोडलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदर ओला करून तोंड पुसलं. त्याला चावता येत नव्हतं म्हणून दुधात भाकरी कुस्करून बोटानं भरवली. तो रडत होता, तीही रडत होती, आणि मी पहिल्यांदाच तिला रडताना बघत होतो. पोलीस आले तेव्हा तिनं कडी काढून दिली आणि सरळ चित्राची सीडी माझ्याकडून घेऊन त्यांच्या हातात ठेवली.

रमेश जगला. उजव्या हाताची मूठ वळत नाही म्हणून ढाबा राहिला, पुण्याकडं एका कंपनीत गेटवर बसतो. बांधावरचं भांडण त्या वर्षापासून बंद झालं. आक्काचं वावर बंकटच करू लागला.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला आठवते ती आमची शेवटची भेट. दत्ताचा खटला चालू होता आणि तो बीडच्या जेलात होता. जामिनाला कुणी उभं राहिलं नव्हतं, आक्काही नाही. मी तिचा कॅमेरा बदलायला गेलो होतो. दुपारी ती एसटीनं जेलातून परत आली. हातात डबा होता आणि तो भरलेला आहे हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं.

"भेटला का?" मी विचारलं.

"जाळीपल्याड असतूय. बोट पन जात न्हाई."

"डबा आत देऊ देतात ना?"

"देत्यात. त्यो शिपाई दर बारीला म्हनतूय, 'द्या मावशी, मी देतो.'" ती ओट्यावर टेकली. बराच वेळ डब्याची कडी उघडझाक करत राहिली. "दर बारीला रांधून नेते बग. त्याला आवडतं त्येच. पन त्याला मारलं न्हाई ना म्या. त्या दिवशी हातच उठला न्हाई. आन आता जाळी हाय. मारल्याबिगर जेवू कसं घालू? एक थोबाडीत बसली असती, तर सगळं पोटात घालून वाढलं असतं रे."

मी हत्यारं पिशवीत भरू लागलो, निघायचं म्हणून उठलो. तेवढ्यात तिनं मला जवळ बोलावलं. मी वाकलो. तिनं हात वर केला. तो हात आता वाळला होता, कापत होता. तिनं माझ्या गालावर एक चापट मारली. माशीसुद्धा उडाली नसती एवढीच.

"मारून झालं," ती म्हणाली आणि डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. "आता जेव."

मी जेवलो. वांग्याचं भरीत होतं, बाजरीची भाकरी होती. शेवटचा घास संपेपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत बसली होती.